वापरलेलं घरगुती सामान

रुवीत, मशिदीमागच्या गल्लीत
आमचं दुकान म्हणजे एक वजनकाटा, टेपची रिळं
आणि फॉर्मचं पॅड.
शेवटचा रकाना किमतीचा.
तिथं एकवीस वर्षं मी एकच लिहीत आलोय :
वापरलेलं घरगुती सामान. किंमत नाही.

कस्टमवाल्याला तेवढंच पुरतं.
आकडा दिसला की तो खोकं फोडतो.

एकानं बंद पडलेला रेडिओ आणला होता.
हलवला तर आत वाळू.
साफ करून भरू का, म्हटलं,
तर माझ्यावरच तापला,
सलालाच्या रस्त्यावरची आहे ती, म्हणाला, राहू दे.
राहू दिली. किंमत नाही.

काल केरकर वहिनी आल्या.
अठ्ठावीस वर्षं अल घुब्रात,
नवऱ्याचा व्हिसा संपला, म्हणजे दोघांचाही.
कुकर, मिक्सर, गणपतीचं मखर घडी घालून,
सगळं तीन खोक्यांत बसलं.
मग पर्समधून काढली लेंग्याची एक जुनी नाडी.
तिला अकरा गाठी.

"चौकटीवर कौस्तुभच्या उंचीच्या खुणा होत्या हो,
दर वाढदिवसाची एक.
घर भाड्याचं. उद्या रंगारी येतोय.
चौकट काय उपटून न्यायची?
रात्री नाडी जमिनीपासून धरली
आणि खूण तिथं गाठ मारत गेले."

मी सवयीनं नाडी काट्यावर टाकली.
काटा हलला नाही.
सातवी आणि आठवी गाठ अगदी चिकटून होत्या.
विचारायचं नसतं, एवढं धंद्यानं शिकवलंय.
त्याच म्हणाल्या, "त्या वर्षी फार आजारी होता."
थांबल्या.
मी टेपचं टोक शोधत राहिलो.
"मग काय, मेला माडासारखा वाढला. नाडीच पुरेना!"
आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या
की बाहेरचा पठाण डोकावून गेला.

मीही हसलो, पण हात गेला ड्रॉवरकडे.
मापं माझ्याकडेही आहेत.

बाणकोटहून पत्र यायचं,
त्यात एक कागद जास्तीचा.
मुनीराला त्यावर उभी करून
तिची आई पावलाभोवती पेन्सिल फिरवायची.
करंगळीपाशी रेघ दर वेळी थरथरलेली.
गुदगुल्या होत असणार.
तो कागद मी मत्रहच्या बाजारात
बुटात सरकवून बघायचो.
दुकानदार हसायचा नाही.
त्याचीही लेक चित्तगावात कुठंतरी
कागदावर उभी होती.

बूट घ्यायचो. रजा मिळायची आठ महिन्यांनी,
कधी चौदा.
तोवर पाऊल पुढं गेलेलं असायचं.
कोरे बूट धाकट्या पुतणीला जायचे.
असे पाच जोड.
सहावा तिनं घातला, टाच मोडून,
अंगणात दोन फेऱ्या मारल्या,
मी बघत होतो म्हणून.

आता ती फोनवर नंबर सांगते : अडतीस.
चुकायला जागाच नाही.

कागद जुन्या पासपोर्टच्या कव्हरात आहेत.
घडीवर पावलं मोडलीत, पेन्सिल विरत चाललीय.
दुकान बंद करताना कधी
सगळ्यात लहान पावलावरून बोट फिरवतो.
करंगळीपाशी अजून थरथर होते,
आता ती माझ्या हाताची.

वहिनींना म्हटलं, नाडी खोक्यात नको,
बोटीला चाळीस दिवस लागतात,
ही हातात न्या.
त्यांनी ती मनगटाला गुंडाळली, सही केली.
शेवटच्या रकान्यात मी नेहमीचं लिहिलं.
मग पेन तिथंच टेकवून
जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन,
कारण मागचा माणूस म्हणाला,
मुकादमभाई, माझा टीव्ही तेवढा घ्या ना काट्यावर.